दुकानात जाताना टेप घेऊन जा: पंधरा हजारांच्या आत टीव्ही कसा निवडायचा

गेल्या दसऱ्यापासून आमच्या गल्लीत सहा नवे टीव्ही आले. त्यातल्या चारांच्या खरेदीला मी सोबत गेले होते. मी काही इलेक्ट्रॉनिक्समधली नाही. कोपरखैरण्याला माथाडी वसाहतीत राहते, घरीच ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. पण २०२२ साली माझे भिशीचे सगळे पैसे एका वाईट टीव्हीत गेले. तेव्हापासून या विषयाचा मी नेटाने पाठपुरावा केला. आता कुणी दारात येऊन म्हणालं, "ताई, टीव्ही घ्यायचाय, पंधराच्या आत बसवायचाय," की मी आधी मशीनच्या खणातली टेप काढून त्यांच्या हातात देते.

आधी तो वाईट टीव्ही, कारण त्यातूनच पुढचं सगळं कळलं. बारा बायकांची भिशी, माझा नंबर लागला, त्यात दीड हजार शिलाईचे घातले. साडेतेरा हजारांत ४३ इंची टीव्ही, खोक्यावर मोठ्या अक्षरांत '४के स्मार्ट'. कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नव्हतं. दुकानदार म्हणाला, "ताई, ब्रँडच्या नावाचेच दहा हजार जास्त देता तुम्ही." मला ते पटलं. घरी लावला, तर माणसांचे चेहरे मऊ, पसरल्यासारखे, बातम्यांखालची पट्टी कडांना फुटलेली. नवव्या महिन्यात पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक हिरवी उभी रेष आली. वॉरंटी एक वर्षाची होती, पण कार्डावरचा नंबर लागेचना. दुकानदाराने हात वर केले, म्हणाला कंपनीचं बघा.

तीन टाकीजवळ एक दुरुस्तीवाले दादा आहेत. त्यांनी टीव्ही उलटा करून मागचा स्टिकर दाखवला. त्यावर बारीक अक्षरांत पडद्याचं रिझोल्यूशन, म्हणजे आडवे-उभे ठिपके किती, ते होतं: १३६६ × ७६८. म्हणजे टीव्ही ४के नव्हताच. "४के सपोर्ट म्हणजे ४के व्हिडिओ आत घेतो," दादा म्हणाले, "पण दाखवतो त्याच्या पडद्यात जेवढे ठिपके आहेत तेवढ्यातच." रेषेवर इलाज एकच, पॅनल म्हणजे चित्र दाखवणारा पडदाच बदलणे, आणि पॅनल टीव्हीच्या जवळपास किमतीचं. दादांनी एक पैसा घेतला नाही, पण त्या दिवशी शिकवलं ते मी विसरले नाही.

इंचाला किती टाके

ठिपक्यांचं हे गणित मला माझ्या कामातून समजलं, तसंच सांगते. शिवताना टाका बारीक की मोठा हे आम्ही इंचावर मोजतो. इंचाला बारा टाके घातले तर शिवण एकसंध दिसते, सहा घातले तर जवळून प्रत्येक टाका दिसतो. पण तोच सहा टाक्यांचा पडदा खिडकीला लावला आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलं तर कुणाला टाके दिसत नाहीत. टीव्हीचंही अगदी तसंच.

३२ इंची म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं माप. आडवी रुंदी साधारण २८ इंच भरते. 'एचडी रेडी' पडद्यात आडवे १,३६६ ठिपके, म्हणजे इंचाला ४९. 'फुल एचडी'त १,९२० ठिपके, इंचाला ६९ च्या आसपास. ४३ इंची पडदा साडेसदतीस इंच रुंद असतो. त्यात फुल एचडी घेतलं तर इंचाला ५१, आणि ४के म्हणजे ३,८४० ठिपके असतील तर १०० च्या वर. माझ्या त्या फसवणुकीच्या टीव्हीत इंचाला जेमतेम ३६ भरत होते.

आता टेप घ्या आणि तुम्ही जिथे बसता तिथून, डोळ्यापासून भिंतीपर्यंत मोजा. चांगल्या नजरेच्या माणसालाही इंचाला ४९ ठिपके सहा फुटांपलीकडून वेगवेगळे दिसत नाहीत. आमची खोली दहा बाय बारा, बसायची जागा भिंतीपासून सात फूट. म्हणजे ३२ इंची एचडी रेडी आम्हाला पुरेसा, फुल एचडीचे वरचे दोन-तीन हजार दिले तरी डोळ्याला फरक कळणार नव्हता. पण तुमची खोली अरुंद असेल, पलंगावर पडून चार-पाच फुटांवरून बघत असाल, किंवा मुलगा त्यालाच कॉम्प्युटर जोडून अभ्यास करणार असेल, तर ३२ मध्ये फुल एचडी शोधा. मॉडेल थोडी आहेत, पण मिळतात. आणि ४३ इंचांत एचडी रेडी मुळीच घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी. सात फुटांवरून त्याचे टाके दिसतात, मी नऊ महिने बघितले आहेत.

दुकानात मापही घ्या. फ्रेम सोडून फक्त उजळणारी काच, तिरकी. खोक्यावर सेंटिमीटर छापलेले असतात. पुष्कळशा '३२ इंची' टीव्हींवर ८० सेंमी लिहिलेलं असतं, म्हणजे साडेएकतीस इंच. ही फसवणूक नाही, धंद्यातली रीत आहे, पण दोन टीव्हींची तुलना करताना सेंटिमीटरच बघा.

घरात काय येतंय ते आधी बघा

हे बहुतेक लोक टीव्ही आणल्यावर बघतात. आमच्या समोरच्या मावशींनी चांगल्या कंपनीचा टीव्ही आणला आणि दोन दिवसांनी रडवेल्या होऊन आल्या. "अगं, जुना डबा बरा होता, हा तर धुरकट दिसतो." मी गेले, टीव्ही थोडा पुढे ओढला आणि मागे हात घातला. सेटटॉप बॉक्समधून पिवळी, लाल, पांढरी अशी तीन पिनांची वायर टीव्हीत गेलेली. जुन्या टीव्हीची वायर केबलवाल्या मुलाने तशीच नव्याला लावली होती. त्या पिवळ्या पिनेतून एचडी चित्र जातच नाही, टीव्ही कितीही भारी असू दे. बॉक्सच्या मागे एचडीएमआयचं चपटं तोंड रिकामंच होतं, त्यावर धूळ बसलेली. दोनशे रुपयांची केबल आणली, टीव्हीच्या रिमोटवर 'सोर्स' दाबून एचडीएमआय केलं, आणि मावशी पुढे सरकून पडद्यावरच्या बाईच्या नथीतले मोती मोजायला लागल्या.

बॉक्सच एचडी नसेल तर मात्र केबल बदलूनही फार फरक पडत नाही. तेव्हा तुमच्या केबलवाल्याला किंवा डिशवाल्याला आधीच विचारा: बॉक्स एचडी आहे का, बदलून द्यायचे किती घ्याल, आणि एचडी चॅनलचे महिन्याला किती वाढतील. स्टार प्रवाह आणि झी मराठी यांचे एचडी चॅनल वेगळे असतात, साध्या पॅकमध्ये ते असतीलच असं नाही. दोन-तीनच एचडी चॅनल घ्या, सगळा पॅक घेऊ नका. महिन्याचा खर्च अजिबात नको असेल तर दूरदर्शनची डीडी फ्री डिश आहे. एकदा डिश आणि बॉक्सचे पैसे द्यायचे, मग दरमहा काही नाही. सह्याद्री त्यावर येतंच.

खणाचा तुकडा

दुकानातल्या टीव्हींवर जे चित्र चालू असतं ते विकण्यासाठीच बनवलेलं असतं: पोपट, फळं, बर्फाचे डोंगर. आणि टीव्ही 'स्टोअर मोड'वर, म्हणजे उजेड आणि रंग शेवटपर्यंत चढवलेले. त्यावरून काही ठरवू नका.

मी एक पेनड्राइव्ह नेते. त्यात तीन गोष्टी. घरी रेकॉर्ड केलेली दोन मिनिटांची बातमी, रात्रीचा अंधारातला एखादा प्रसंग, आणि मरून रंगाच्या इरकली खणाचा फोटो, खिडकीच्या उजेडात काढलेला. तोच खण घडी करून पर्समध्ये असतो. फोटो आधी मोबाइलवर खणाशेजारी धरून बघायचा, रंग जुळला तरच पेनड्राइव्हमध्ये घालायचा. दुकानात गेल्यावर सेल्समनला सांगायचं, "दादा, पिक्चर मोड 'स्टँडर्ड'वर करा," किंवा 'सिनेमा'वर. मग फोटो लावायचा आणि खण पडद्याशेजारी धरायचा.

वाशीला सेक्टर १७ मधल्या एका दुकानात सारख्याच किमतीचे तीन टीव्ही ओळीत होते. पहिल्यावर माझा मरून खण लाल मिरचीसारखा पेटलेला, दुसऱ्यावर विटकरी. तिसऱ्यावर जवळजवळ खणासारखाच, काठाची काळी रेघही काळीच दिसत होती, राखाडी नाही. आम्ही तिसरा घेतला. रंग थोडे सेटिंगने सुधारतात हे खरं, पण काळा जर राखाडी दिसत असेल तर तो सेटिंगने काळा होत नाही. पडद्यामागचा उजेड पॅनलमधून गळत असतो, ते पॅनलचंच अंग आहे.

मग बाजूला सरका. आमचे सासरे, नाना, कोपऱ्यातल्या खाटेवर असतात, तिथून टीव्ही तिरका दिसतो. काही पॅनल समोरून सुंदर आणि बाजूने चुन्यासारखी पांढरट पडतात. आयपीएस जातीच्या पॅनलमध्ये बाजूने रंग टिकतात, व्हीए जातीच्या पॅनलमध्ये काळा जास्त गडद मिळतो. खोक्यावर '१७८ अंश' जवळपास सगळेच छापतात, त्यावर जाऊ नका. आपल्या घरातल्या खाटेच्या कोनात उभं राहायचं आणि बघायचं. एकटे समोर बसून बघणार असाल तर व्हीए चांगला, घरभर माणसं असतील तर आयपीएस.

आवाजही तिथेच ऐका. गाणं लावू नका, गाणं सगळ्यांवर बरं वाजतं. बातमी लावा, आवाज निम्म्यावर ठेवा आणि दहा पावलं मागे जा. शब्द सुटे कळले पाहिजेत. पातळ टीव्हीत स्पीकर खालच्या बाजूला असतात, शब्द टेबलावर आपटून गोल होतात. नानांना कमी ऐकू येतं, म्हणून मी चित्रापेक्षा याला जास्त वेळ दिला.

स्मार्ट कितपत स्मार्ट

मालिका मोबाइलवर बघायची सवय घरात असेल, वायफाय असेल, तरच या भागाला महत्त्व द्या. स्टार प्रवाहच्या मालिका जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी५ वर. ते नीट चालायला टीव्हीला गूगलची अधिकृत गूगल टीव्ही किंवा अँड्रॉइड टीव्ही प्रणाली, नाहीतर मोठ्या कंपनीची स्वतःची प्रणाली हवी. अगदी स्वस्तातल्या काही टीव्हींमध्ये मोबाइलची उघडी अँड्रॉइड बसवलेली असते. दिसायला सारखीच, पण तिला मोठ्या ॲपचा परवाना नसतो. मग ॲप चालत नाही, किंवा चाललं तरी एचडीऐवजी धूसर चित्र देतं. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका मुलाने असा टीव्ही घेऊन पडदा खराब म्हणून परत नेला होता. पडदा चांगला होता, परवाना नव्हता. म्हणून दुकानातच वायफायला जोडून तुमच्या रोजच्या ॲपचा एक भाग चालवून दाखवायला सांगा.

रॅम, म्हणजे ॲप चालवायला लागणारी मेमरी, १ जीबी असली तर रिमोट दाबल्यावर थांबायला लागतं. दीड-दोन जीबी मिळाली तर घ्या. साठवण ८ जीबी म्हणतात, त्यातली बरीच टीव्हीच खातो, तेव्हा तीन-चार ॲपच ठेवायची. स्मार्ट भाग काही वर्षांनी जुना होतो, पण तेव्हा एचडीएमआयला ॲप चालवणारी एक छोटी स्टिक लावून काम भागतं. म्हणून एचडीएमआयची तोंडं निदान दोन हवीतच.

नाव, सर्व्हिस आणि मागचा स्टिकर

खोक्यावरच्या 'ए प्लस ग्रेड पॅनल', 'दहा लाखाला एक कॉन्ट्रास्ट' अशा शब्दांना मी आता एक रुपया देत नाही. ३२ इंचांच्या स्वस्त टीव्हीत 'एचडीआर'लाही नाही, म्हणजे चित्रातला उजेड-अंधार जास्त खुलवून दाखवण्याची सोय. त्या पडद्यात एचडीआर दाखवण्याइतका उजेडच नसतो. तो रुपया मी सर्व्हिसला देते. दुकानात उभ्या उभ्या कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावायचा. माणूस बोलला तर विचारायचं, कोपरखैरण्याला घरी येता का, किती दिवसांत, पॅनलला वॉरंटी किती. फोन लागला नाही तर ते मॉडेल सोडून द्यायचं. २०२२ ला मी हा एक फोन केला असता तर माझे पैसे वाचले असते.

मागच्या स्टिकरवर तीन गोष्टी वाचा: मॉडेल नंबर, बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) खुणेखाली 'आर-'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक, आणि लागणारी वीज. नोंदणी क्रमांक 'बीआयएस केअर' या सरकारी ॲपमध्ये टाकला की तो कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. मॉडेल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून रिझोल्यूशन तपासा, दुकानदाराच्या तोंडी शब्दावर नाही. खोक्यावर बनवल्याचा महिना आणि वर्ष असतं. वर्षभर जुना असेल तर किंमत कमी करून मागायला हरकत नाही.

विजेचं फार नाही. आमचा ४५ वॅटचा आहे, दिवसाला सहा तास चालतो, वर्षाला शंभरेक युनिट. स्टार असलेल्या पट्टीवर वर्षाची युनिट छापलेली असतात, दोन टीव्हींमध्ये अडलात तर ती बघा. स्टिकरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर स्टॅबिलायझरचे पैसे वाचवा. पावसाळ्यात महावितरणची लाइट जाते-येते, त्यासाठी चांगला स्पाइक गार्ड पुरतो.

पैशाचं

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. म्हणजे २५,६०० चा टीव्ही २३,६०० ला यायला हवा. पण ३२ इंची टीव्हीला १ जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्के आहे. मला एका दुकानात "जीएसटी कमी झाला म्हणून ३२ इंची आजच स्वस्त, उद्या नाही" असं सांगितलं. तसं सांगितलं की समजा, घाई करवतायत.

आधी ऑनलाइन किंमत बघा, तिचा फोटो ठेवा आणि मग दुकानात जा. आमचा ३२ इंची दुकानात १३,२०० सांगितला, फोटो दाखवल्यावर ११,९०० ला दिला, घरपोच. बिनव्याजी हप्ता म्हणतात त्यात प्रोसेसिंग फी विचारा आणि रोखीने घेतलं तर किती सूट मिळेल तेही विचारा. ती सूट जाते, तेच बहुतेक वेळा व्याज असतं. भिशीला चार महिने थांबता येत असेल तर थांबा, दसरा-दिवाळीला आणि २६ जानेवारीच्या आसपास भाव उतरतात.

जुना टीव्ही घ्यायचा असेल तर एक खूण सांगते. पडद्यावर रेष असेल तर फुकटातही घेऊ नका. पण आवाज येतोय आणि पडदा काळा, असं असेल तर अंधारात काचेवर बॅटरी तिरकी मारा. आत पुसट चित्र हललं तर पॅनल जिवंत आहे, मागच्या एलईडीच्या पट्ट्या गेल्यात. त्या पॅनलपेक्षा खूप स्वस्तात बदलून मिळतात.

घरी आल्यावर

खोकं आणणाऱ्या माणसासमोर उघडा, मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवून. काच फुटलेली निघाली तर नंतर कुणी ऐकत नाही. भिंतीवर लावायचा असेल तर पावसाळ्यात त्या भिंतीला हात लावून बघा. आमच्याकडच्या जुन्या भिंती जुलैत पाझरतात, म्हणून मी टेबलावरच ठेवला. भिंतीचं ब्रॅकेट फुकट की विकत, हेही आधीच विचारलेलं बरं.

चालू केल्यावर 'होम' मोड निवडा. 'बॅकलाइट' शंभरवर असेल तर साठ-सत्तरवर आणा. डोळ्यांना बरं वाटतं आणि त्या एलईडी पट्ट्या जास्त टिकतात. 'शार्पनेस' खूप खाली करा, नाहीतर साध्या चॅनलवर माणसांच्या कडेला पांढरी रेघ येते.

बिल जीएसटीचंच घ्या, त्यावर टीव्हीचा सिरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीत कुणी दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते, तेव्हा पहिल्यांदा बिलच मागतात. आणि त्या गुळगुळीत कागदावरच्या बिलाचा त्याच दिवशी फोटो काढा. माझ्या २०२२ च्या बिलावरची शाई, रेष आली तोवर पूर्ण उडाली होती.